डोरीनने भरलेली वाम

डोरीन अ‍ॅक्रॉइडने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना बटाटे वाढले, पण तिला विचाराल तर ती एकच सांगेल: एलीच्या कॅथीड्रलमध्ये माझी उशी आहे. प्रार्थनेला गुडघे टेकायची उशी. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, गावातल्या बायकांबरोबर तिनेही एका उशीवर लोकरीचं भरतकाम केलं होतं. बाकीच्यांनी फुलं भरली, देवदूत भरले. डोरीनने भरला वाम मासा. एली वामांचंच गाव, नावसुद्धा इंग्रजीतल्या 'ईल'वरून, म्हणजे वामेवरूनच पडलेलं; मग दुसरं काय भरायचं?

"शी! असल्या बुळबुळीत वामेवर गुडघा कोण टेकणार?" लिलीचं फूल भरणाऱ्या फिलिसने तेव्हा नाक मुरडलं होतं. साठ वर्षं डोरीनच्या मनात ते सलत होतं.

म्हणून यंदा लेकाच्या गाडीतून किल्ले नि कॅथीड्रलं बघत यायचं ठरलं, तेव्हा तिने बजावलं, शेवट एलीत. यॉर्क झालं, लिंकन झालं. लिंकनच्या किल्ल्यात नात इमोजेन तटावरून खाली उतरेचना, त्यात तास गेला. पुढे डोरीनचा जीव नुसता वरखाली.

"ग्रॅहम, दाब ना जरा!"

"आई, पुढे ट्रॅक्टर आहे. त्याच्या डोक्यावरून नेऊ?"

सपाट शेतांपलीकडे मनोरा दिसला आणि म्हातारी सीटवर उड्याच मारायला लागली.

पोचले तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेला वीस मिनिटं उरली होती. खुर्च्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक खुर्चीला एक उशी. इमोजेन सरळ फरशीवर रांगत सुटली.

"आजी! इथे डी. एच. लिहिलंय! डी. एच. कोण?"

"मी गं! लग्नाआधीची मी!"

ग्रॅहमने उशी उचलली आणि त्याचा चेहरा पडला. लोकर झिजून खालचं कापड दिसत होतं. वामेचा एक डोळा आणि शेपूट तेवढं उरलं होतं. शेजारीच फिलिसची लिली, कालच भरल्यासारखी कोरी करकरीत.

"जाऊ दे गं आई," तो हळूच म्हणाला, "वाया गेली बिचारी."

डोरीन इतक्या जोरात हसली की पुढचे लोक वळून बघायला लागले.

"वाया? अरे वेड्या, साठ वर्षं लोक गुडघे टेकतायत तिच्यावर!" तिने डोळे पुसले. "दोन्ही शेजारी ठेव. फोटो काढ आणि फिलिसला पाठव."

"घरी गेल्यावर पाठवू की."

"मी एकोणऐंशीची, ती एक्याऐंशीची. आत्ता पाठव!"