लाल, निळा आणि कापा फणस

माझ्या बायकोच्या मामांइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर त्यांनी कंट्रोलर म्हणून सारी नोकरी काढली. जाळीच्या खिडकीमागे माइक, समोर गाड्यांच्या वेळांचं रजिस्टर आणि भिंतीवरच्या सरकारी घड्याळावर अजिबात विश्वास नसल्यामुळे मनगटावर स्वतःचं घड्याळ, एवढ्या संसारावर त्यांनी एकतीस वर्षं कोकणातल्या माणसांना धाकात ठेवलं. गाडीची वेळ झाली की गाडी सुटणार, मग धावत येणारा माणूस नवरदेव का असेना. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामी माहेरी खेडला निघाल्या होत्या. पिशवी सीटवर ठेवून त्या काकड्या घ्यायला खाली उतरल्या, तेवढ्यात वेळ झाली आणि मामांनी गाडी सोडली. पिशवी खेडला पोचली, मामी काकड्यांसकट स्टँडवर राहिल्या. मामी हा किस्सा आजही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मामा तो परक्याची गोष्ट ऐकावी तसा शांतपणे ऐकतात आणि शेवटी विचारतात, "पन गाडी टायमावर सुटली का नाय?"

निवृत्त झाल्यावर माइक गेला, पण आवाज घरातच राहिला. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा नव्या जावयाचा मान म्हणून मामींनी कांदापोहे, शिरा आणि वर घावन असा बेत केला होता. मी दुसऱ्या घावनाला हात घालतोय तोच आतून आवाज आला, "महाडला जाणारी चार वीसची गाडी लागलेली आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." मी हसलो. बायको हसली नाही, ती चप्पल शोधायला लागली होती.

अशा माणसाला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड लागावं, हा निव्वळ कशेडी घाटाचा प्रताप. एका जूनमध्ये घाटात दरड आली आणि सकाळी सहापासून खेड-चिपळूणकडच्या सगळ्या गाड्या पोलादपुरात अडकून पडल्या. वेळ झालेली गाडी सोडता येत नाही म्हटल्यावर मामा स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले. तिथे टीव्हीवर अंतिम मालिकेचा सामना चालू होता. अमेरिकेत तेव्हा रात्र असते, त्यामुळे आपल्याकडे हा खेळ चहाबरोबर येतो. समोर बसले होते महाडच्या एका शाळेतले पी.टी.चे सर, कसल्याशा शिबिरासाठी चिपळूणला निघालेले. सरांनी शाळेच्या मागच्या अंगणात स्वतः खांब रोवून बास्केट लावलेलं होतं आणि तालुक्यात या खेळाबद्दल दोन वाक्यं बोलणारा माणूस भेटत नाही, हे त्यांचं जुनं दुःख होतं. मामांनी विचारलं, "हे लोक बारा मिन्टं म्हनतात आनि अर्धा तास खेळतात, ते कसं?" सरांनी सांगितलं की चेंडू थांबला की घड्याळही थांबवतात. मामांचा चेहरा असा झाला की सरांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं. घड्याळ थांबवता येतं, आणि तेही राजरोस, शिट्टी मारून, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यावर घाट मोकळा होईपर्यंत सहा तास दोघे भांडले. सरांचं शिबीर बुडालं, पण त्या दिवसापासून दोघांची जन्माची दोस्ती झाली.

दर जूनला मग त्यांची पैज लागू लागली. मालिका सात सामन्यांची, आधी चार जिंकेल त्याची ट्रॉफी. मामा लालच्या बाजूचे, कारण लाल डब्यावर ज्याने भाकरी खाल्ली त्याने दुसऱ्या रंगाकडे बघू नये असं त्यांचं म्हणणं. सर निळ्याचे, आणि चवदार तळ्याच्या गावात त्याचं कारण कुणी विचारत नाही. दर मार्चला सर तळ्यावर येणाऱ्या लोकांना पाणी द्यायला उभे राहायचे, आणि मामाही सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन शेजारी उभे राहायचे. तिथे मात्र खेळाचा विषय काढायचा नाही, हा दोघांचा अलिखित नियम होता. पैजेचे नियम लिहिलेले होते आणि ते माझ्याकडे असत, कारण मी महाडात सरांच्या गल्लीत राहतो, तहसील कचेरीत कारकून आहे आणि नियमांचे कागद सांभाळण्याची मला सवय आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी जेवायला जायचं. जाताना फणस न्यायचा, सरांकडे कापा आणि मामांकडे बरका. आणि जायचं ते एस.टी.नेच. पैशाची गोष्ट मामांनी पहिल्याच वर्षी उडवून लावली होती. हल्ली चहाच्या दुकानातली पोरं मोबाईलवर कसल्या कसल्या पैजा लावतात, त्यांना ते म्हणत, "त्या मोबाईलवाल्याशी हरलास तर जेवायला कोनाकडं जाशील रे?"

अंतिम फेरीत लाल किंवा निळा नसला की खरी पंचाईत व्हायची. एका वर्षी जांभळा संघ आला. जांभळ्यात निम्मा लाल असतो असं मामा म्हणाले, निम्मा निळा असतो असं सर म्हणाले, आणि तीन दिवस महाड ते पोलादपूर फोनवर रंगकाम चाललं. शेवटी मी नाणं उडवून जांभळा मामांना दिला. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. चहाच्या दुकानातल्या चर्चा तर ऐकण्यासारख्या असत. तिथे रिक्षावाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत प्रत्येकाला अमेरिकेतल्या खेळाडूंच्या गुडघ्यांची खडान्‌खडा माहिती होती. कोण दमलाय, कोणाचं कप्तानाशी पटत नाही, कोणाला नुकतं बाळ झालंय म्हणून झोप नाही, हे सगळं पोलादपुरात ठरायचं. मामा त्या सभेचे अध्यक्ष. मात्र एखाद्या सामन्यात फार वेळा टाइम-आऊट झाला की ते मनगटावरचं घड्याळ टीव्हीला दाखवत आणि म्हणत, "अठरा मिन्टं लेट. हितं असतास तर मेमो दिला असता."

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ते सावरले, पण डावा पाय ओढत चालायला लागले आणि काठी आली. मुलाने त्यांना दिवाळीनंतर कल्याणला न्यायचं ठरवलं. म्हणजे येणारा जून हा महाडातला शेवटचा, आणि त्याच वर्षी अंतिम फेरीत नेमके लाल आणि निळे समोरासमोर उभे ठाकले. मामांनी फोन करून सुचवलं की यंदा पैज नको. सरांनी स्वच्छ नकार दिला. मग मामा म्हणाले, बरं, यंदा रंग बदलू, मी निळा घेतो. त्यावर सर इतके संतापले की त्यांच्या पत्नीने फोन तिथेच बसलेल्या माझ्या हातात दिला. नंतर मला समोर बसवून सर शांतपणे म्हणाले, "आयुष्यभर पोरांना शिकवलं की हरलात तर सामोरं जाऊन हात मिळवायचा. आता मी घरात बसून हात मिळवू का? हरलो तर एस.टी.नेच जाईन." मी भाड्याच्या खाजगी गाडीचा विषय काढून पाहिला, तेव्हा त्यांनी मला माझ्याच हातातला नियमांचा कागद दाखवला.

हे सगळं मी मामांना सांगितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांची एस.टी.ची पायरी चढायची ताकद नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या स्टँडवर गाडी किती वेळ थांबते हे तर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "जावईबापू," ते म्हणाले, "लाल हरायला पायजे. नायतर हा मानूस येनार, आनि उतरताना पडनार." तेव्हापासून मामा स्वतःचीच बाजू हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसले. चारचौघांत मात्र लालचीच बाजू घ्यावी लागे, नाहीतर कुणीतरी सरांना कळवलं असतं. लालने बास्केट केलं की दुकान नाचायचं आणि मामा टाळ्या वाजवत वाजवत पांढरे पडायचे. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली. सातव्या सामन्याला मी रजा टाकून पोलादपुरात होतो. शेवटचे सात सेकंद उरले तेव्हा निळे एका गुणाने पुढे होते आणि मामांनी डोळे मिटून माझा हात घट्ट धरला होता. लालच्या एका पोराने कुठून तरी लांबून चेंडू फेकला, तो रिंगवर दोनदा उडाला आणि आत पडला. दुकानात एकच कल्लोळ झाला. पेपरवाल्याने मामांना उचललं. खाली ठेवल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "फाऊल नव्हता का रे तो?"

पाच मिनिटांत सरांचा फोन आला. अभिनंदन, रविवारी येतो, बरका फणस बघून ठेवलाय. मामा आयुष्यात पहिल्यांदा मार्गाबद्दल खोटं बोलले. म्हणाले, सर, रविवारी नको, घाटात दरड आलीय, गाड्या बंद हायत. सर म्हणाले, "कशेडी पोलादपूरच्या पुढे आहे, कंट्रोलर. मला भूगोल शिकवू नका."

रविवारी दहाच्या महाबळेश्वर गाडीने आम्ही निघालो. महाड स्टँडवर कंडक्टरने आणि मी सरांना चढवलं. सरांनी इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता आणि फणस माझ्या मांडीवर होता. पोलादपूर अजून बरंच लांब असताना त्यांनी काठी सरळ धरली, पुढच्या सीटचा दांडा पकडला आणि उठायला लागले. मी म्हटलं, अजून वेळ आहे. ते म्हणाले, "तिथे गाडी तीन मिनिटं थांबते. मला आठ लागतील." त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मला माझ्याच पंचगिरीचा राग आला.

गाडी स्टँडात वळली आणि भोंगा खरखरला. निवृत्तीनंतर कंट्रोलरच्या खोलीत पाय न टाकलेल्या माणसाचा आवाज मी ओळखला, गाडीतल्या निम्म्या लोकांनीही ओळखला. माइकवर मामा नेहमी पुस्तकी मराठी बोलत. "महाडहून महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे. या गाडीत महाडचे सर आहेत. सरांनी घाई करू नये. सर उतरेपर्यंत गाडी सुटणार नाही."

सर मटकन खाली बसले. मग हसले, मग रुमाल काढून चष्मा पुसला, आणि सावकाश उठले. एकेक पायरी उतरताना कुणीही मागून ढकललं नाही की ओरडलं नाही. ड्रायव्हर तेवढा खिडकीतून डोकं काढून म्हणाला की काका, पुढं घाट चढायचाय, टाइम होतोय. मामा खोलीतून बाहेर आले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "घड्याळ थांबवलंय. चेंडू अजून बाहेर हाय." नव्या कंट्रोलरने आतून विचारलं की उशिराचं कारण काय लिहू. मामा म्हणाले, "माझं नाव लिही." गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. सरांनी काठी डाव्या हातात घेऊन मामांशी हात मिळवला, आणि तो बराच वेळ कुणीच सोडला नाही. मामी शेजारी उभ्या होत्या. घरी जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "मला काकड्या घ्यायला दोनच मिन्टं लागली असती."

सर कल्याणला गेल्यावर मालिका दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मामा हरले. पहिल्या वर्षी मला तो योगायोग वाटला. यंदा मात्र मे महिन्यापासून त्यांचा अभ्यास चालू होता. कोणाचा घोटा दुखावलाय, कोण म्हातारा झालाय, हे सगळं टिपून त्यांनी अशी बाजू निवडली की चहाच्या दुकानाने त्यांना वेड्यात काढलं. ती बाजू लालही नव्हती, चक्क पिवळी होती. पिवळा कुठून आला असं मी विचारलं, तर म्हणाले, लाल रंग उन्हात ठेवला की पिवळाच होतो. पिवळे चार सामन्यांत साफ हरले आणि मामांनी त्याच दिवशी कापा फणस पाडायला सांगितला.

त्यांना कल्याणच्या गाडीत बसवायला मी गेलो होतो. सर आता फोनवर फार बोलत नाहीत, एखादा शब्द येतो, बाकीचं त्यांच्या पत्नी सांगतात. मामा अर्धा तास आधीच खिडकीशी बसले होते, फणस मांडीवर. वेळ झाली, टळली, आणि ड्रायव्हर अजून चहाच पीत होता. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. पण मामांनी त्या रविवारपासून घड्याळ बांधलंच नव्हतं. रिकाम्या मनगटाकडे एकदा बघून ते म्हणाले, "पिऊ दे त्याला चा. सर थांबतील." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "थांबतील ना रे?"

मी हो म्हटलं. गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली.