भुऱ्यासाठी एक निरोप

वैनींची आणि माझी शेवटची भेट इस्पितळात झाली. वैनी म्हणजे माझी मोठी जाऊ. नाकाला नळी, हाताला सुई, आणि मला जवळ बोलावून काय सांगावं, तर, ‘‘भुऱ्याक सांग, मी जातंय म्हणान. नायतर बिचारो वाट बघीत रवतलो.’’ मी म्हटलं, ‘‘वैनी, असां काय बोलतात? घराक येतलात तुमी.’’ त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘खोटा सांगा नको हां तेका...’’ त्यानंतर त्या फारसं बोलल्याच नाहीत.

भुरा हा कुत्रा. म्हातारा आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा. हरमलच्या किनाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुणी पाहुण्यांनी तो पाळला आणि सीझन संपल्यावर तिथेच टाकला. ती माणसं गेली तरी हा त्या खोलीच्या पायरीवरून हलेना, तेव्हा प्राण्यांच्या आश्रमातल्या लोकांनी त्याला उचलून आणला. वैनी तिथे पोचल्या त्या निराळ्याच निमित्ताने. भावोजी, म्हणजे वैनींचे यजमान, वास्कोला बंदरात नोकरीला होते. एका सकाळी ‘येतंय’ म्हणून ड्युटीवर गेले, आणि दुपारी त्यांना चौघांनी घरी आणलं. मूलबाळ नव्हतं, म्हणून वैनी तुयेला आमच्याकडे राहायला आल्या. एकदा आमच्या फाटकासमोर स्कूटरने एका कुत्रीचा पाय मोडला. वैनी तिला रिक्षात घालून आश्रमात घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी तिला बघायला गेल्या, आणि मग जातच राहिल्या. कुत्री बरी झाली, वैनी काही बऱ्या झाल्या नाहीत, असं मी चारचौघांत म्हणायचे. त्याही हसायच्या.

तिथे शिकायला येणारी बहुतेक पोरं जनावरांच्या डॉक्टरकीची. पुण्याची, बंगळुरूची, कधी परदेशातलीही. महिना-दोन महिने राहायची आणि जायची. त्यांच्यात ह्या साठी उलटलेल्या. नऊवारीवर भावोजींचा बंदरातला खाकी शर्ट चढवायच्या, लांब बाह्या दुमडून घ्यायच्या आणि पिंजरे धुवायला लागायच्या. फिनेलचा वास अंगाला घेऊनच घरी यायच्या. मला कुत्र्यांची भीती. त्यांचा डबा द्यायला गेले तरी मी फाटकाच्या आत चार पावलं टाकत नसे.

अशीच एकदा डबा घेऊन गेले होते. पुण्याची एक मुलगी त्या दिवशी परत निघाली होती. भुऱ्याच्या गळ्यात पडून रडत ती म्हणाली, ‘‘येते हं बाळा.’’ वैनींनी झाडू खाली ठेवला.

‘‘परत येतलंस?’’

‘‘बघू आजी, पुढच्या वर्षी जमलं तर...’’

‘‘मगे ‘येते’ म्हणा नको. ‘जाते’ म्हण.’’

मी चाटच पडले. नवी नवरी असताना बाजाराला निघताना माझ्या तोंडून एकदा ‘जाते’ निघालं होतं, तर ह्याच वैनींनी मला उंबऱ्यावरून परत आत बोलावलं, पाटावर बसवून पाणी पाजलं आणि मगच सोडलं होतं. त्या मुलीने कसंबसं ‘जाते’ म्हटलं आणि तोंड फिरवलं. परतताना बसमध्ये मी वैनींवर चिडले. एवढ्याशा पोरीला असं कुणी बोलतं का? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘‘माणसाक काय ता समजता. ह्येंका नाय समजणा. हे दाराकडे कान लावन बसतत.’’ मग म्हापशाहून येणाऱ्या भाजीचे भाव काढून बसल्या. मला तेव्हा भावोजींची ती सकाळ आठवली नाही. आता रोज आठवते.

वैनींचं बारावं झाल्यावर मी आश्रमात गेले. सीझन संपलेला, पोरं पांगलेली. खाकी शर्ट खिळ्याला तसाच होता. तो घातल्याशिवाय भुरा जवळ यायचा नाही, असं तिथल्या बाईने सांगितलं. मी घातला. तो भिंतीला अंग घासत घासत आला, शर्टाचा वास घेतला आणि माझ्या मांडीवर डोकं टाकलं. भीतीने माझे हात आखडले होते. तरी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘‘भुऱ्या, वैनी गेली रे. जातंय म्हणान सांगितल्यान तुका...’’ त्याने शेपटी हलवली. त्याला शर्ट पुरेसा होता. मग मात्र मी इस्पितळात रडले नव्हते तेवढी रडले.

निघताना त्याचं डोकं अलगद खाली ठेवलं आणि सवयीने म्हणून गेले, ‘‘येतंय हां.’’

फाटकापाशी आल्यावर लक्षात आलं, मी काय बोलून बसले ते. मागे वळून बघितलं, तर भुरा मान वर करून, कान माझ्याकडे लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडावीच लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शर्ट अजून त्याच खिळ्याला असतो. बाह्या मलाही लांब होतात... दुमडून घेते.