पुढच्या सीटवरची उन्नुर

क्यार्तानच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर पाहुण्यांना कधी बसायला मिळालं नाही. निदान शेवटची दोन वर्षं तरी नाही. ती जागा उन्नुरची होती, त्याच्या बायकोची.

क्यार्तान आमच्याच गावचा. अर्धं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलं, मग गुडघा कामातून गेला आणि तो घरी बसला. बसला म्हणजे खिडकीशी उभा राहून दुसऱ्यांच्या बोटी येता-जाता बघायचा आणि चिडायचा. उन्नुर शाळेत शिकवायची. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. तिनेच त्याला जुनी जीप घ्यायला लावली. हिवाळ्यात आकाशात नाचणारा तो हिरवा ध्रुवप्रकाश, ज्याला आम्ही नुसतं 'उजेड' म्हणतो, तो बघायला परदेशातून माणसं येतात. त्यांना सकाळी घ्यायचं, दिवसभर किनारा, कडे, लाव्हाचे माळ फिरवायचे आणि अंधार पडला की उजेड दाखवून परत सोडायचं. दिवसाला एकच कुटुंब. क्यार्तानला इंग्रजी येत नव्हतं. उन्नुरने घरात नियमच केला, जेवताना मीठ हवं असेल तर इंग्रजीत मागायचं. पहिले काही दिवस तो अळणीच जेवला.

पण शिकला. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर आमच्याकडे चार दगड आहेत, लहान-मोठे. जुन्या काळी बोटीवर काम हवं असेल तर ते उचलून दाखवावे लागत. क्यार्तान पाहुण्यांना ते उचलायला लावायचा आणि वर म्हणायचा, "मी दुसऱ्या नंबरचा उचलला होता. बायको मात्र पहिल्या नंबरची मिळाली."

बंदरापाशी माझं सूपचं दुकान आहे. क्यार्तान पाहुण्यांना मटणाचं सूप प्यायला माझ्याकडेच आणायचा, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

एका शरद ऋतूत उन्नुर दुकानात आली आणि म्हणाली, "थोरा, आई कशी आहे तुझी?" माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शवपेटीवर घालायचा फुलांचा हार उन्नुरनेच गुंफला होता. मी काय बोलणार, म्हटलं, बरी आहे. दुपारी ती पुन्हा आली आणि पुन्हा तेच विचारलं. मग शाळेतूनही तिला लवकर निरोप दिला गेला. मुलांनी गाणी म्हटली, आणि ती टाळ्या वाजवत विचारत राहिली की निरोप कोणाचा आहे.

त्यांची मुलगी बिर्ना उत्तरेला शहरात नर्स आहे. ती आली, तेव्हा माझ्याच दुकानात बापलेकीची जुंपली.

"शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा आहे, बाबा. मी बोलून ठेवलंय. आई तिथे नीट राहील."

"ती इथेच नीट आहे."

"आणि तू कामावर गेलास की?"

"माझ्याबरोबर येईल."

"गाडीत? दिवसभर? आई म्हणजे काय सामान आहे?"

"तुला लहानपणी बोटीवर न्यायचो. तेव्हा तू सामान होतीस का?"

बिर्नाने कोट घातला. दारातून म्हणाली, "एक दिवस काहीतरी होईल, बाबा. तेव्हा मला फोन करशील ना, लगेच कर." आणि गेली.

तेव्हापासून उन्नुर गाडीत. सुरुवातीला खरंच छान चाललं. घरून पातळ गोड धिरडी करून डब्यात आणायची, पाहुण्यांना वाटायची. कड्याच्या जुन्या गोष्टी तिला अजून पाठ होत्या, आणि क्यार्तानपेक्षा तिचं इंग्रजी फार चांगलं. पण मधेच ती मागे वळून विचारायची, "तुम्ही कोणाच्या घरचे?" आमच्याकडे हा पहिलाच प्रश्न असतो, पण एकदा विचारायचा असतो. ती पंचवीसदा विचारायची.

काही लोकांनी तक्रार केली. क्यार्तानने मला एकदा सूप ओतताना सांगितलं, "म्हणे तुमची बाई एकच प्रश्न विचारत राहते."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुम्ही उत्तर बदलून बघा."

तो हसला, मीही हसले. उन्नुर खिडकीशी बसून पावाचे तुकडे कोटाच्या खिशात भरत होती.

फेब्रुवारीत लिओनहून एक फ्रेंच जोडपं आलं, पन्नाशीतलं. ओदील आणि बास्तियाँ. आठवडाभर ढग होते, आणि त्या दिवशी आकाश स्वच्छ झालं. सील, पक्ष्यांचे कडे, काळा किनारा सगळं बघून संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा खुशीत होते. उन्नुर दमलेली दिसत होती. तिने सूपाला हात लावला नाही.

"तू कोणाच्या घरची?" तिने ओदीलला विचारलं.

"पाववाल्याच्या. माझे वडील पाव भाजायचे." ओदील हे दिवसभर सांगत असणार, पण आवाजात कंटाळा नव्हता.

"मग हा तूच भाजलास?"

"हो."

"कडेला जरा करपलाय," उन्नुर म्हणाली.

मी क्यार्तानला बाजूला घेतलं. "आज हिला माझ्याकडे ठेव. दुकान रिकामंच आहे. जाताना घेऊन जा."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती तोवर कोट घालून दारात उभी होती. "नको," तो म्हणाला. "मी दिसलो नाही की घाबरते. गाडीत झोपेल. तासाभराचं तर काम आहे."

गावापासून थोडं लांब, लाव्हाच्या माळावर त्याने गाडी लावली. गाडीचे दिवे डोळ्यांवर नकोत म्हणून पाहुण्यांना थोडं पुढे, एका उंचवट्यापलीकडे नेलं. उन्नुर झोपली होती. इंजिन चालू ठेवलं, हीटर लावला, तिच्या अंगावर तिची लोकरी शाल टाकली.

आणि उजेड आला. आम्ही जन्मभर बघत आलोय, तरी तसा क्वचितच पडतो. आधी डोंगरामागून एक फिकट पट्टा, मग सगळं आकाश. खालचा बर्फसुद्धा हिरवा दिसायला लागला. ओदील रडायला लागली. बास्तियाँने क्यार्तानला फोटो काढायला सांगितलं, त्याने काढले. उंचवट्यावर चढून त्याने दोनदा गाडीकडे बघितलं. दोन्ही वेळा काचेमागे तिचं डोकं दिसलं, सीटला टेकलेलं.

ते डोकं नव्हतं. शाल होती. उठताना तिने ती सीटच्या पाठीवर नीट पांघरून ठेवली होती, शाळेत खुर्चीवर ठेवायची तशी.

परत आले तेव्हा दार उघडं होतं.

बचाव पथकाला फोन गेला. पथक म्हणजे दुसरं कोण, आपलीच गावची माणसं, आणि बहुतेक सगळी उन्नुरकडे शिकलेली. मी दुकान बंद केलं, होते नव्हते ते थर्मास भरले आणि निघाले. माळावर बॅटऱ्या सगळीकडे हलत होत्या. तिथे शेवाळाखाली भेगा आहेत, बर्फ पडला की कळतही नाहीत. प्रत्येक जण काठीने आधी चाचपून मग पाय टाकत होता. वर आकाश तसंच नाचत होतं, कोणी मान वर करत नव्हतं. क्यार्तान तिचं नाव घेऊन ओरडत होता. हळूहळू त्याचा आवाज बसला, तरी ओठ हलत होते. बास्तियाँ जीपपाशी बॅटरी वर धरून उभा राहिला, ती आपणहून परतलीच तर तिला दिसावं म्हणून. ओदील आमच्याबरोबर चालत राहिली. दोनदा पडली, पण मागे जा म्हटलं तर ऐकेना.

ओर्रीला ती सापडली. पथकातला हा धिप्पाड माणूस एरवी बंदरावर क्रेन चालवतो. मेंढ्यांच्या जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीला टेकून ती बसली होती. कोट काढून, घडी घालून शेजारी ठेवलेला. फार गारठलं की माणसाला उलट उकडतं. एका पायात बूट नव्हता.

ओर्रीने तिला स्वतःच्या जॅकेटमध्ये गुंडाळलं. तिने डोळे उघडले. "तू कोणाच्या घरचा?"

"गुद्रूनचा. तुझ्या वर्गात होतो मी."

"मग बस खाली. उशीर झाला तुला."

हे सांगताना ओर्री दुसरीकडे बघत होता.

तिच्या डाव्या पायाची बोटं काढावी लागली. क्यार्तानने बिर्नाला लगेच फोन केला, आणि ती रात्रभर गाडी चालवत आली. घाटात बर्फ असूनही आली. इस्पितळातून उन्नुर घरी परतलीच नाही, सरळ वृद्धाश्रमात गेली. घर आवरायला मी मदतीला गेले होते, तेव्हा क्यार्तान स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता आणि बिर्ना कप विसळत होती.

"एकदा बोलून टाक," तो तिला म्हणाला.

"काय बोलू?"

"तू सांगितलं होतंस ते."

तिने कप पुसला, फळीवर ठेवला. "ते तुला माहीत आहे, बाबा." मग दुसरा घेतला.

लिओनहून त्या रात्रीचे फोटो आले. एका फोटोच्या कडेला क्यार्तानच उभा होता, हात वर करून आकाश दाखवताना. त्याने तो बराच वेळ धरून ठेवला. "उजेड छान आलाय," म्हणाला. "दुकानात लाव." मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

जीप त्याने विकली. बंदरावरच्या शेडमध्ये गळांना आमिष लावायचं काम धरलं. गोठलेले मॅकरेल माशाचे तुकडे एकेका गळाला टोचायचे, दिवसभर. रविवारी मी त्याला वृद्धाश्रमात सोडायची. उन्नुर त्याला ओळखत नव्हती. पण वाईट वागवत नव्हती. उलट, त्याला 'तुम्ही' म्हणायला लागली. आमच्याकडे आता कोणी एकट्या माणसाला 'तुम्ही' म्हणत नाही, ती जुन्या लोकांची रीत.

"तुम्ही बसा ना. उभे का?"

"बसतो," क्यार्तान म्हणायचा, आणि बसायचा. तिचे केस विंचरायचा. ती मान ताठ धरून बसायची, परक्या माणसाने केस विंचरले तर बसावं तशी, संकोचून.

ऑक्टोबरमध्ये छातीत कफ झाला आणि ती गेली. चर्चमध्ये जागा पुरली नाही. दफनानंतर बिर्ना त्याला आपल्याकडे घेऊन गेली, कायमचंच म्हणून. पण आठवडा व्हायच्या आत तो माझ्या दुकानात हजर.

"काय झालं?" मी विचारलं.

"घर फार गरम ठेवते ती."

"आणि?"

त्याने सूपातलं हाड चमच्याने बाजूला केलं. "वाटलं होतं, आज ना उद्या त्या रात्रीचं बोलेल. नाही बोलली. चहा देते, औषध देते, पांघरूण घालते. बोलत नाही."

"मग तू बोलायचंस."

"मला कुठे येतं," तो म्हणाला. "आमच्या घरात बोलणारी उन्नुर होती."

सूप अर्धंच राहिलं. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि शेडकडे निघाला. दुपार होती, पण बाहेर अंधारून आलं होतं आणि बंदरावरचे दिवे लागायला लागले होते.