मोजू नको, नाव घे

इस्माईलभाईंचा फोन आला तेव्हा मी नारपोलीला घरी होते, मुलाच्या तापापायी रजा टाकून. इस्माईलभाई म्हणजे आमच्या गोदामातल्या हमालांचे मुकादम. "मॅडम, हेमा मॅडम नहीं रहीं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला... सकाळीच हेमाने फोन करून पोराचा ताप विचारला होता. दुपारी तीच नव्हती. महिना उलटून गेला, माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

हेमा गोदामाशेजारच्याच वळ गावची. ज्या गाळ्यात आम्ही दोघी टेबलाला टेबल लावून बसायचो, तो तिच्याच आजोबांच्या भातशेतावर उभा होता. काकांनी शेत विकलं, आमच्या मालकांनी, शेठनी, तिथे पत्रे ठोकून गाळे काढले आणि घरचीच पोरगी तिथे नोकरीला लागली. ती यावर हसायची, मला हसू यायचं नाही. "या शेताला आमी वाकडी म्हनायचो," ती सांगायची, "एक बांध वाकडा व्हता ना. आमच्याकडं परतेक शेताला नाव व्हतं गो. आता नुसते गाळे हायेत. पयला, दुसरा, तिसरा."

मुंबईच्या हेड ऑफिसातून आम्हाला रोज मालाची फाइल यायची, एक्सएमएल नावाच्या मांडणीतली. डब्यात डबा, त्यात आणखी डबा आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली, असा तो प्रकार. त्यातून हवं तेवढंच काढायला एक वेगळी भाषा असते, एक्सपाथ. वाट सांगण्याची भाषाच म्हणा ना... बाहेरच्या डब्यातून आत शिर, मग अमका उघड. हेमा ती सायबर कॅफेत बसून शिकली आणि मला शिकवली. त्या भाषेत वाट मोजून सांगता येते, 'तिसरा डबा उघड' अशी. किंवा नावानं, 'ज्यावर या ग्राहकाचं नाव आहे तो उघड' अशी. मोजून लिहिणं सोपं, म्हणून सुरुवातीला मी तसंच लिहायचे. ती खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "मोजू नको गो, नाव घे. मधी कुनी नवीन घुसला का तुजा तिसरा चवथा व्हतो. मशीन वरडत पन न्हाय, गुमान दुसऱ्याचा माल दावतं."

तसंच झालं. फाइलीतून माल वाटायचं मूळ काम शेठनी बाहेरच्या कुणाकडून तरी स्वस्तात करून घेतलं होतं, सगळं मोजून लिहिलेलं. दिवाळीच्या तोंडावर फाइलीत सर्वांच्या आधी एक नवा ग्राहक आला, आणि मिक्सर गेले साबणवाल्याकडे, साबण गेला बिस्किटवाल्याकडे. हेमाने जेवणखाण सोडून सगळं नव्याने, नावानं लिहून काढलं. पुढे फाइल कितीही बदलली तरी एक खोकं चुकलं नाही. शेठ काय म्हणाले? "कम्प्युटर आता सुधारला वाटतं!" ऐकून माझं टाळकं फिरलं. हेमा चहा ओतत राहिली.

मग ती गाळ्याला पाटी लावा म्हणून मागे लागली, कारण ट्रकवाले रोज भलतीकडे जायचे. शेठना पाटी नको होती. पाटी दिसली की सरकारी साहेब लोक चौकशीला येतात, ही त्यांची भीती. शेवटी हिनेच पत्र्याच्या तुकड्यावर ऑइल पेंटने 'वाकडी' लिहून आणलं. शेठ खो खो हसले. "अगं, असलं नाव वाचून माल कोण ठेवील? नाक्यापासून तिसरा गाळा, एवढं पुरे आहे की." पाटी तिच्या टेबलामागे भिंतीला टेकून राहिली, धूळ खात.

त्या दुपारी हेमाच्या छातीत कळ आली. टेम्पो सगळे माल घेऊन बाहेर गेलेले. ॲम्ब्युलन्सला फोन शेठनीच केला, ते नाही म्हणत नाही मी. पत्ता सांगितला, "नाक्यापासून तिसरा गाळा." आणि नाक्याच्या कोपऱ्यावर नुकताच एक नवा गाळा उभा राहिला होता. शेठनीच बांधलेला! ड्रायव्हर मोजत आला, आमच्या अलीकडच्या बंद गाळ्यापुढे थांबला, कुलूप पाहून उलटा फिरला. इस्माईलभाई ओरडत रस्त्याने मागे धावले... ती गाडी वळून येईपर्यंत सगळं संपलं होतं. "तिचं आयुष्यच तेवढं," असं शेठ तेराव्याला म्हणाले. मी जेवणाच्या पंगतीतून उठून बाहेर आले. आयुष्य तेवढं नव्हतं हो, पत्ता चुकीचा होता.

आता इस्माईलभाईंनी ती पाटी दारावर तारेने बांधली आहे. वरातीमागून घोडं. शेठ येता-जाता ती बघतात. कोपऱ्यावर आणखी एका गाळ्याचे खांब उभे राहिलेत. रोज सकाळी मी मशीन सुरू करते, आणि सर्वांत आधी चालतात त्या हेमाने लिहिलेल्या ओळी. तिचं टेबल रिकामं असतं, ओळी मात्र एकेक नाव विचारत फाइलीत शिरतात आणि साबणाचं खोकंसुद्धा ज्याचं त्याच्याकडे बिनचूक पोचतं. तिच्यापर्यंत यायची वाट तेवढी आम्ही मोजून सांगितली.