जीवबोटीच्या ठाण्याचं दार

पनवेल बंदरावर कुणालाही विचारा, तो सांगेल की जीवबोटीच्या ठाण्याचं सरकारी दार गुणाबाईनं फोडून चुलीत घातलं. मीही सांगितलंय, आणि चांगलं रंगवून सांगितलंय. शेजारधर्म असतो ना! पण ते खोटं. दार गेलं हे खरं, आणि त्या दिवशी गुणाबाईच्या घरातून दिवेलागणीपर्यंत धूर निघत होता हेही खरं. लोकांनी एकाला दुसरं जोडलं, वर मीठ मी भुरभुरलं.

आता ठाणं कसलं, ते सांगतो. सत्तेचाळीसच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी उतारूंचं एक गलबत उलटलं. तेव्हा सरकारनं बंदरावर पत्र्याची शेड घातली, पाण्यापर्यंत दगडी उतार बांधला आणि लढाईतून उरलेली एक पांढरी होडी आणून ठेवली. बुडणाऱ्याला वाचवायची, म्हणून तिचं नाव पडलं जीवबोट. तिचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, कोळीवाड्यातला दयाराम. त्याची बायको गुणाबाई शेड झाडायची, होडीला तेल लावायची, आणि नवऱ्याला दिवसातून दोनदा सांगायची, "वल्ही नीट ठेव रं, पाहुणं नायत ती, अशी आडवीतिडवी पसरायला."

चार वर्षं कुणी बुडालंच नाही. होडी अंघोळ न केलेल्या नवरदेवासारखी कोरडी बसून.

एकावन्नला कमळाकर नावाचा कारकून कल्याणहून ठाण्यावर बदलून आला. पायात चकचकीत बूट, हातात नियमांची वही. वहीत लिहिलेलं: दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी दहा वाजता, होडी पाण्यात उतरवून चाचणी घ्यावी. लिहिणाऱ्यानं घड्याळ पाहिलं होतं, खाडी पाहिली नव्हती.

"भाऊसाहेब, आज धाला सुकती हाय," दयाराम म्हणाला. "पानी नाय, नुसता गाळ. दुपारी नेऊ."

"नियमात दुपार नाही."

"खाडीत पन नियम नाय," गुणाबाई झाडू मारता मारता म्हणाली.

कमळाकरनं ऐकलं नाही. दयाराम, दोन वल्हेकरी आणि वहीसकट कमळाकर असे होडीत बसले. मधल्या चिंचोळ्या पाण्यात होडी चार हात गेली आणि रुतून कलंडली. आम्ही धक्क्यावरून हसलो. तेवढ्यात कमळाकरला कचेरीची हजेरी आठवली. "एवढंसं तर आहे," म्हणून त्यानं काठाकडे उडी मारली. दोन पावलं गेला, तिसऱ्याला मांडीपर्यंत. ओढून काढू गेला तो कंबरेपर्यंत.

हसणं तिथंच थांबलं. कारण सुकती संपून भरती लागली होती. वरून कळत नव्हतं, पण गाळातल्या चरांतून पाणी चोरपावलांनी आत येत होतं. दयारामनं दोर फेकला, कमळाकरनं धरला, तिघांनी ओढला. गाळ सोडीना. कमळाकर ओरडला, "सोडा, सोडा, कंबर तुटते!" जो त्याच्याकडे चालत जाईल तोही रुतणार, हे प्रत्येक कोळ्याला ठाऊक. मी धक्क्यावर उभा राहून जोरजोरात सल्ले देत होतो, ते कुणालाच ऐकू जात नव्हते, हे बरंच झालं.

गुणाबाईनं झाडू टाकला. शेडचं दार बिजागऱ्यांवरून उचलून उतारावरून गाळात ढकललं. लहानपणी ती आईबरोबर गाळातले निवट्या मासे धरायला फळीवरून जायची, तीच रीत. एक गुडघा दारावर, दुसऱ्या पायानं गाळ मागे ढकलायचा. लुगडं खोचून ती अशी सरसर निघाली, की दयारामनं होडीतून हाक मारली, "गो, सांभाळून!"

"तूच सांभाळ, बसलायस तिथंच बस!"

ती पोचली तेव्हा पाणी कमळाकरच्या छातीशी होतं. दार त्याच्यापुढे आडवं लावून ती म्हणाली, "पोट टेका. ओढू नका, पाय हळू हलवा, पोरगं पाळन्यात हलवतं तसं." हातानं मांडीजवळचा गाळ ती उकरत राहिली. तिथं पाणी शिरलं आणि एक पाय सुटला. बूट आतच. मग दुसरा. तोवर भरतीनं होडी उचलली, दयाराम वल्ही मारत आला आणि दोघांना आत घेतलं. दार भरतीबरोबर गाढी नदीच्या दिशेनं निघून गेलं. ठाण्याच्या इतिहासातली पहिली सुटका झाली, तीही ठाण्याच्याच कारकुनाची!

धूर म्हणाल, तर गुणाबाईनं कमळाकरच्या अंघोळीसाठी पाण्याचे हंड्यांवर हंडे तापवले. पाच पाण्यांनी माणूस दिसू लागला. लाजेपोटी त्यानं वहीत फक्त "दार गहाळ" एवढंच लिहिलं, आणि गावाला चूल आठवली. पण पुढच्या महिन्यापासून चाचणी गुणाबाई तिथीवरून भरती मोजून सांगेल त्या वेळेला होऊ लागली, आणि ठाणं बंद होईपर्यंत होडी पुन्हा कधी रुतली नाही.

हे सगळं नंतरचं. होडीतून काठावर उतरवलं तेव्हा कमळाकर डोक्यापासून टाचांपर्यंत चिखलाचा झालेला, दातावर दात वाजत होते. दयारामच्या डोळ्यांत पाणी होतं. कमळाकरला बोलायला जमलं, आणि पहिलं वाक्य निघालं, "गुणाबाई, सरकारी दार कोणाच्या परवानगीनं काढलंत?"

गुणाबाई म्हणाली, "तीच तर मागायला आले व्हते, भाऊसाहेब. तुमचं तोंड पान्यावर हाय तवर इचारून घ्यावं म्हटलं."