पाचव्या घराचा जोगवा

आत्याबाईंनी सकाळीच फळीवरून परडी काढली, पुसली, तिला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि मी कपाळाला हात लावला. आता ही बाई कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भिवराबाई. चकलांब्याकडच्या. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. नवरा वारला तेव्हा आमचे हे, म्हणजे अंगद, अंगावर पीत होते. पाठीला पोर बांधून ही बाई कळपामागं पार आष्टीच्या पुढपर्यंत चालत जायची. पोराला शिकवलं, बीडला नोकरी लागेपर्यंत हू की चू केलं नाही. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मेंढरं विकून नाइलाजानं आमच्याकडं राहायला आल्या. आल्यापासून त्यांचा एकच आनंद, तो म्हणजे आमच्या वस्तीतलं देवीचं देऊळ.

आमची वस्ती शहराच्या अगदी कडेला, बायपासच्या अंगाला आहे. पूर्वी तिथं बाभळीखाली नुसता शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देवीचा दगड होता, जाणारे येणारे मेंढके त्याच्यापुढं दुधाची धार धरायचे, असं आत्याबाई सांगतात. आता तिथं गुळगुळीत फरशी आहे, स्टीलचे कठडे आहेत, कॅमेरे आहेत आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कमिटी आहे. त्या कमिटीत यंदा ह्यांना घेतलं. तेव्हापासून घरात ह्यांच्याशी बोलणं अवघड झालंय.

तर नवरात्रातल्या शुक्रवारी आत्याबाई जोगवा मागतात. अनवाणी पाच घरी जायचं, पीठ किंवा धान्य मागायचं, त्याची भाकर करून देवीला नैवेद्य दाखवायचा, मगच तोंडात घास घालायचा. परडी त्यांच्या सासूनं दिलेली. कळप कुठंही असो, जवळच्या गावात शिरून त्या जोगवा घेऊन यायच्याच. गावात जोगवा मागणारी दारात आली की घरची बाई हातातलं काम टाकून पीठ आणते आणि वर तिच्या पाया पडते. आमच्या वस्तीत कुणाच्या पायपुसण्यावर उभं राहिलं तरी आतून विचारतात, काय काम आहे?

आदल्या दिवशी हे म्हणाले होते, "आई, हितं आसलं काई चालत न्हाई. लोक म्हणतील अंगदची आई भीक मागती."

"आरं, भीक कावून म्हणतूस? आईचं मागणं हाय हे."

"तुला न्हाई कळायचं," म्हणून हे उठून गेले. एवढा मोठा माणूस, आईला समजावता येत नाही आणि समजूनही घेता येत नाही.

मी सोबत निघाले ती त्यांच्या गुडघ्यांच्या काळजीनं. पहिल्याच दारात जाळीच्या आडून एक सूनबाई म्हणाली, "सुट्टे नाहीयेत हो."

"माय, पैसं नगंत. मूठभर पीठ घाल आईच्या नावानं."

"पीठ? आमच्याकडं डब्यातून पोळ्या येतात." दार बंद.

पुढच्या घरातल्या बाईनं मोठ्या मनानं कालच्या चार पोळ्या कागदात गुंडाळून आणल्या. आत्याबाईंनी हात जोडून सांगितलं की शिळं देवीला चालत नाही. झालं! "मागायचं तर मागायचं, वर नखरे," असं ती आम्हाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात पुटपुटली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईचा राग आला, आत्याबाईंच्या हट्टाचा आला, आणि आपण नेमकी चांगली साडी नेसून आलोय याचाही आला. तिसऱ्या ठिकाणी एका पोरानं मोबाईल पुढं करून विचारलं, "काकू, ऑनलाइन घेता का?" आत्याबाईंनी त्यालाही सुखी राहा म्हटलं. मला तेवढंही जमलं नसतं.

शेवटी एका अर्धवट बांधकामापाशी पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथं आवाज ऐकून धारूरहून कामाला आलेली केशरबाई नावाची मजूरबाई धावत आली. डबा खरवडून पीठ घातलं, आत्याबाईंच्या पायावर डोकं टेकवलं. शेजारच्या दोन खोल्यांतून ज्वारी मिळाली. परतताना एका बंगल्यातल्या म्हातारीनं तांदूळ घातले आणि आपल्या आईची आठवण काढून डोळे पुसले. चार घरं झाली. ऊन मी म्हणत होतं आणि आत्याबाईंच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता.

"आता पाचवं आपल्याच घरचं घ्या," मी म्हणाले. "मी घालते पीठ. देवी काय नाही म्हणणार नाही."

"घरचं चालत न्हाई, वर्षे. परक्याच्या दारातलंच लागतंय. देवळात चल. तितं बाया वट्या भरायला आल्या आस्तील. एखादी घालंलच की मूठभर तांदूळ."

देवळात ही गर्दी! कठड्यांच्या आत बायकांची रांग आणि मांडवात टेबलामागं हे, छातीला कमिटीचा बिल्ला, हातात माईक. आत्याबाई रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या, परडी पुढं धरली आणि त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आईचा जोगवा, माय!" एका बाईचा हात ओटीच्या तांदळाकडं गेलाही होता. तेवढ्यात ह्यांनी पाहिलं. आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि भोंग्यातून आवाज आला, "मंदिर परिसरात भिक्षा मागणाऱ्या महिलांनी कृपया गेटच्या बाहेर जावं."

त्या बाईचा हात मागं गेला. कमिटीचे अध्यक्ष भागवतराव ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "वळखीच्या हायत का तुमच्या?"

"न्हाई हो," हे म्हणाले. "आसंल कुणीतरी खेड्यातली."

माईक चालूच होता.

मला वाटलं, आत्याबाईंनी तिथंच ह्यांचा उद्धार करावा, चार गावं ऐकतील असा. मीच तोंड उघडणार होते, पण त्यांनी माझं मनगट धरलं. कठड्याबाहेरूनच देवीला हात जोडले आणि घराकडं चालू लागल्या. मी मात्र मनातल्या मनात ह्यांच्याशी घरापर्यंत भांडत आले.

घरी येऊन त्या दारातल्या पायरीवर बसल्या. परडी मांडीवर. पाणी दिलं, घेतलं नाही. भाकर नाही तर उपास सुटणार नाही, आणि पाचवं घर नाही तर भाकर नाही. दिवेलागणीला हे आले. चेहरा उतरलेला, पण तोंड चालू.

"आई, चार माणसांत काय सांगणार व्हतो मी? कमिटी हाय, तसं बोलावं लागतंय."

मग हे आत गेले आणि ताटलीभर पीठ घेऊन आले. मी म्हणाले, "राहू द्या. घरचं चालत नाही त्यांना."

आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पायरी उतरून अंगणात गेल्या, आमच्या दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि परडी पुढं केली.

"आईचा जोगवा, माय!"

ह्यांनी ताटली धरून माझ्याकडं पाहिलं.

"घाल की," आत्याबाई म्हणाल्या. "दुपारी तूच म्हनलास, वळखीची न्हाई म्हणून. मंग झालं की तुजं पाचवं घर."

ह्यांनी ताटली घाईनं परडीवर उपडी केली, निम्मं पीठ परडीत पडलं आणि निम्मं पायरीवर. आत्याबाईंनी रीतीप्रमाणं ह्यांच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि सकाळपासून दारोदार म्हणत होत्या तसंच म्हणाल्या, "सुखी ऱ्हावा, दादा. आई तुमाला काई कमी पडू देनार न्हाई."