कोपराखालची बाही

हे मी आईजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळही नाही. आत्ता तुला सांगतानासुद्धा हात आपोआप कोपराकडे जातोय — बाही खाली आहे ना, ते बघायला.

मीना माझी धाकटी जाऊ. शेलूबाजारला आमचं एकच घर, एकच चूल. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला, घसा सुजला, आणि ताप उतरल्यावर पाठीवर, हातांवर लाल चट्टे उठले. वरून पांढरा कोंडा सुटायचा. सासूबाईंनी त्याच दिवशी तिचा पेला वेगळा केला. कोरोनापासून आमच्या घरात अंगावर उठलेलं काहीही लागटच ठरतं.

अकोल्याला डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेले. ती रक्त द्यायला बाहेर गेली, तेव्हा मी विचारलं — हे एकाचं दुसऱ्याला होतं का? डॉक्टर म्हणाले, एखादा विषाणू, घशातला संसर्ग निमित्त होऊ शकतो, पण नेमकं कशानं ते सांगता येत नाही. अंगाची राखण करणारी ताकदच उलटते, आपल्याच कातडीवर धावून जाते. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे कुणाला होत नाही. घरच्यांना सांगा, असंही म्हणाले.

मी धरून बसले तो 'विषाणू' एवढाच शब्द. कारण — तसाच चट्टा माझ्या कोपरावर होता. तिच्या आधीपासून. नवऱ्याला मी भाजल्याचा डाग सांगितला होता. मीच तिला दिला असेल तर? डॉक्टर चुकत असतील तर? आणि घरात कुणी माझी बाही वर केली तर?

परतताना जीपमध्ये मीनानं विचारलं, "बाई, काय म्हने डॉक्टर? लागट हाय काय हे?"

"त्याचं काहीच बोलले नाही थे," मी म्हटलं.

घरीही तेच सांगितलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. सगळ्यांचे डोळे मीनाच्या अंगावर होते, तोवर माझ्याकडे कोण बघणार होतं?

उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात कुरडया करायला जमल्या. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून गरम गरम पिळायचा — त्यात मीनाचा हात सगळ्यांत चांगला. पण चिकाला तिचा हात नको, असं बायांचं म्हणणं पडलं. तिला काठी देऊन लांब बसवलं, कावळे हाकायला. मी लांब बाहीचा ब्लाउज घालून सोऱ्या धरला.

तिची लहानगी पोर वाटीत चीक घेऊन तिच्याकडे धावली. आईला भरवायचा होता. मीना झटकन मागे सरकली, दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"दूर राह्य, माय. तुले लागन."

पोर वाटी घेऊन तिथेच उभी राहिली. डॉक्टरांचं एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मी भित्री आहे. मी सोऱ्या पिळत राहिले.

मीनाचे चट्टे आता औषधानं फिके पडलेत. पोर मात्र तेव्हापासून माझ्याजवळ झोपते, माझ्या याच हातावर डोकं ठेवून. सकाळी ती उठायच्या आधी मी तिची मान बघते, पाठ बघते. शिवल्यानं होत नाही हे मला तोंडपाठ आहे, तरी बघते. मग उठते, चहा ठेवते, आणि मीनाचा पेला बाजूला काढते.